उठून चालू लागा

"ऐकलंत का माई, समोरच्या वहिनींनी सेलमधून कपड्यांची पावडर किती आणलीय?"

माई भिंतीपलीकडे फांद्या छाटत होत्या. कात्री थांबली. "रिक्षातून बादल्या उतरताना पाहिल्या मी. मला वाटलं, घरात काही कार्य निघालंय."

"कार्य कसलं! दोन किलोच्या पुड्यावर बादली मोफत. म्हणून सहा पुडे घेतले."

"सहा बादल्या? घरात माणसं तीन, त्यातला मुलगा पुण्याला."

"एक तुम्हाला देणार आहेत म्हणे. मलाही विचारलं."

"नको गं बाई. फुकटची बादली घरात आली की तिच्यात ठेवायला काहीतरी आणावं लागतं."

आमच्या रो-हाउसच्या ओळीतली ही कंपाउंडची भिंत बिल्डरने सिमेंट वाचवण्यासाठी बुटकी ठेवली. बरोबर कोपर टेकेल इतकी. त्याचे उपकार मी आजन्म विसरणार नाही. माई पोस्टातून निवृत्त झालेल्या. काउंटरवर बसून उभा जन्म आकडेमोड केलेली बाई, त्यामुळे कुठल्याही बातमीतली मजा संपली की त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू होतो.

"साधा एक किलोचा पुडा कितीला मिळतो?"

"१३० ला."

"आणि हा बादलीवाला?"

"३१० म्हणाल्या."

"म्हणजे पावडर २६० ची. बादलीचे ५० घेतलेच की. मोफत कुठली?"

"पण माई, तशी बादली बाजारात ६० ला मिळते. बादलीमागे १० रुपये सुटलेच ना?"

"सुटले. सहा बादल्यांचे ६०. रिक्षाला किती दिले?"

"८०."

माईंनी पुढे काही म्हटलं नाही. कात्रीने एक वाळकी काडी तेवढी उडवली.

मग स्वतःच म्हणाल्या, "पुड्यावर बारीक अक्षरात ग्रॅमचा भाव लिहिलेला असतो, तो वाचतं का कुणी? एमआरपीच्या शेजारीच असतो. किलोच्या आतला पुडा असेल तर एका ग्रॅमला किती, वरचा असेल तर एका किलोला किती. छापायचा नियमच आहे आता. दोन पुडे शेजारी धरले की पाच सेकंदात कळतं, कुठला स्वस्त. पण तो आकडा मुंगीएवढा आणि 'मोफत' मात्र रस्त्यावरून दिसेल एवढं."

मी म्हटलं, "मोठा पुडा स्वस्तच पडत असणार, वाचायचं काय त्यात?"

"कोण म्हणतं? शांपूची एक रुपयाची पुडी घे आणि त्याच कंपनीची बाटली घे. कर भागाकार. बहुतेक वेळा पुडीतलाच मिलिलिटर स्वस्त निघतो. आमच्याकडे बाटली येतच नाही. पुड्यांची माळ टांगून ठेवलीय मोरीत."

ते खरं होतं. मोरीत माळ टांगणाऱ्या माईंना मी मनातल्या मनात चिक्कू म्हणत आलेय, हे त्यांना ठाऊक नाही, आणि हे छापून येईपर्यंत कळणारही नाही.

पुडीवरून मला चिक शांपूची गोष्ट आठवली, तीही सांगून टाकली. तमिळनाडूत कडलूरला सी. के. रंगनाथन नावाच्या तरुण माणसाने १९८३ साली तो काढला. मोठ्या कंपन्यांसमोर टिकायचं कसं? त्याने योजना लावली. कुठल्याही कंपनीच्या शांपूच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या, एक चिकची पुडी फुकट घेऊन जा. लोक पुड्या जमवायला लागले. दुकानात चिकची विचारणा वाढली, आणि मग त्याने गुपचूप नियम बदलला. रिकाम्या पुड्या पाचच, पण त्या चिकच्याच पाहिजेत.

"हुशार हो!" माई मनापासून म्हणाल्या. "आधी दुसऱ्याची गिऱ्हाइकं आपल्या दारात आणली आणि मग बाहेरून कडी घातली. पण अदलाबदलीचं आम्हाला काय सांगतेस? आमच्याकडे बोहारीण यायची."

आता गप्पा तासाभराने लांबणार, हे मी ओळखलं. गॅस बंद करून आले.

"दुपारची जेवणं उरकून बायका जरा पाठ टेकतात ना, बरोब्बर तेव्हा यायची. डोक्यावर भांड्यांचं टोपलं, पाठीला कपड्यांचं गाठोडं. पायरीवर बसली की आधी पाणी मागणार. पाणी दिलं की आपण अर्धे हरलो, कारण आता तिला 'नको' म्हणून हाकलता येत नाही. मग मी यांच्या दोन पँटी काढायची, मुलांचे शर्ट, एखादी वॉइलची साडी. ती एकेक कपडा उजेडाकडे धरायची. कोपरापाशी विरलेलं, काखेत उसवलेलं, सगळं दिसायचं तिला. साडीला तर हातही लावायची नाही. पँट मात्र बाजूला काढून ठेवायची. आणि मग तो प्रश्न."

"जरीचं काही आहे का!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"हां! जर तिला पाहिजेच. आपण म्हणायचं, नाही बाई. तिचा विश्वास बसायचा नाही. मग टोपल्यातून काय काढायची, तर वाटी. एवढ्या कपड्यांवर वाटी! मी पातेल्यावर बोट ठेवायची. ती म्हणायची, त्याला अजून दोन पँटी लागतील. मी पातेलं उचलून नखाने वाजवून बघायची. पत्रा पातळ असला तर आवाज वेगळा येतो. तेवढ्यात ती वाटी परत टोपल्यात टाकून गाठोडं आवळायला लागायची. उठायची सुद्धा. फाटकापर्यंत जायची. मग मी म्हणायची, बरं थांब, एक शर्ट आणखी घे. किंवा मीच कपडे उचलून आत निघायची आणि तिने हाक मारायची. कोण आधी हाक मारतं, त्यावर सगळं."

"आणि पातेलं मिळायचं?"

"आज वरण कशात शिजवते मी? त्याच पातेल्यात."

ते कपडे पुढे धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकायला जायचे. कुणाच्या तरी अंगावर आणखी चार वर्षं निघायची. त्या सौद्यात कुणी कुणावर उपकार केले नव्हते आणि कुणी कुणाला 'मोफत' हा शब्दही ऐकवला नव्हता, एवढं मला माईंच्या सांगण्यावरून कळलं.

मी म्हटलं, "बिग बझारवाल्यांनी हेच तर केलं नंतर. जुने कपडे, रद्दी, भांडी, काय वाटेल ते घेऊन या, वजनावर कुपनं घेऊन जा."

"हो, आमचे हे गेले होते रद्दीचा गठ्ठा घेऊन. रद्दीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त भाव लावला म्हणून खुशीत आले. मग कुपनाची मागची बाजू वाचली. कुपनाच्या किमतीच्या कितीतरी पट खरेदी केली तरच ते चालणार. रद्दी विकायला गेलेला माणूस चादरी, डबे आणि एक छत्री घेऊन आला. बोहारीण परवडली, ती घरात होतं ते घेऊन जायची तरी."

तो बिग बझारही आता गेला. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी पहिल्यांदा 'सबसे सस्ता दिन' लावला, तेव्हा झेंडावंदन करून लोक परस्पर रांगेत उभे राहिले होते. प्रजासत्ताक दिन आणि कुकर यांची जी गाठ तेव्हा पडली, ती काही सुटली नाही. २०२२ मध्ये त्यांची दुकानं दुसऱ्यांच्या हातात गेली, तरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आजही प्रत्येक मॉलला देशभक्तीचा उमाळा येतोच.

"खरं सांगू का," माई भिंतीवर कोपर टेकवून म्हणाल्या, "पूर्वी सूट आपण काढून घ्यायचो. आता दुकानदार आधीच पाटीवर लावून बसतो. पन्नास टक्के कमी केले म्हटल्यावर गिऱ्हाइकानं बोलायचं काय? तोंडच बंद. मेनरोडला साडी घ्यायला गेलं की गादीवर बसायचं, पंधरा साड्या उलगडायला लावायच्या, आवडलेलीकडे बघायचंसुद्धा नाही. किंमत सांगितली की पदर सावरून उठायचं आणि चपला शोधायच्या. चपला हळू शोधायच्या. दुसरी चप्पल पायात जायच्या आत 'अहो ताई, बसा तर' आलंच पाहिजे. नाही आलं, तर त्यानं सांगितलेला भाव खरा होता असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन यायची."

"आता मॉलमध्ये कुणापुढे उठून चालणार माई? काउंटरवरची मुलगी म्हणेल, नेक्स्ट."

"चालता येतं की. मोबाइलवर."

माईंनी आपला फोन काढला. नातवाने दिलेला आहे, आणि नातवापेक्षा त्या तो जास्त वापरतात. त्यांनी म्हणे एक कढई निवडली, कार्टमध्ये टाकली, पत्ता भरला, पैसे भरायच्या पानापर्यंत गेल्या आणि फोन बंद करून झोपल्या. दुसऱ्या दिवशी मेसेज, तुमची कढई तुमची वाट बघतेय. माई गप्प. तिसऱ्या दिवशी परत मेसेज, खास तुमच्यासाठी १० टक्के सूट, हे कुपन घ्या.

"'अहो ताई, बसा तर'च ना हे?" माईंचा चेहरा असा काही फुलला होता की कढईपेक्षा तो मेसेजच त्यांनी विकत घेतला असावा.

"दर वेळी बोलावतात?"

"छे. कुकरच्या वेळी कुणी काळं कुत्रं फिरकलं नाही. मग मीही नाही घेतला. जुन्याला नवी रिंग घातली, चाललाय झकास."

एवढ्यात समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या. आम्ही दोघींनी आकाशाकडे बघून पावसाचं काहीतरी बोलून घेतलं. त्या आत गेल्यावर मी आवाज उतरवला.

"त्यांच्या साहेबांच्या बुटांचं कळलं का? ५० अधिक २० टक्के सूट होती. वहिनी मला म्हणाल्या, सत्तर टक्के कमी झाले."

"सत्तर कसे? हजाराचे पाचशे झाले. वीस टक्के त्या पाचशेवर, म्हणजे शंभर. चारशे द्यायचे. साठच टक्के झाले."

"ते जाऊ द्या, आठवड्यात तळवा सुटला. दुकानात घेऊन गेले, तर त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

माई ताठ झाल्या. पोस्टात असताना लोकांनी नियम काढून त्यांना भंडावलं, त्याचा सूड त्या आता उगवतात. "अशी पाटी लावून चालत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा बघ. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायचा, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत. नाही घेतला तर ती अनुचित व्यापारी प्रथा. सेलचा माल म्हणून वेगळं काही नाही त्यात. १९१५ ला फोन लावायला सांग."

"सांगितलं असतं. पण बिलच घेतलं नाही त्यांनी. दुकानदार म्हणाला, बिलाशिवाय आणखी १०० कमी करतो."

माईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे शंभर रुपयांना कायदा विकला."

जाहिरातींचाही नियम आहे, मी म्हटलं. जून २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वस्तातल्या वस्तूचं आमिष दाखवायचं आणि ती वस्तू पुरेशी ठेवायचीच नाही, म्हणजे माणूस दुकानात आला की महागातली घेऊन जाईल, हे चालणार नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइनवाल्यांच्या १३ लबाड्यांची यादीच निघाली. त्यात पहिलीच खोटी घाई. फक्त दोन शिल्लक, सात मिनिटं उरली, लाल आकडे उलटे धावतायत. कार्टमध्ये न विचारता एखादी वस्तू किंवा विमा सरकवणं, किंमत एक दाखवून शेवटच्या पानावर आणखी आकार चढवणं, तेही त्या यादीत आहे.

"फक्त दोन शिल्लक म्हणजे आमचा भाजीवाला," माई हसल्या. "'शेवटचा वाटा, शेवटचा वाटा' म्हणतो. तो उचलला की पोत्याखालून पुढचा शेवटचा वाटा काढतो. पण त्याच्यावर कसली यादी करतेस? त्याच्याशी मी भांडू तरी शकते. आणि खरा शेवटचा वाटा कधी असतो तेही मला ठाऊक आहे. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात दिवेलागणीच्या सुमाराला जायचं. ताडपत्री गुंडाळायला घेतली की समजायचं, आता याला घरी जायचंय. टोमॅटो परत गाडीत चढवायचे म्हणजे त्याला हमाली पडते. तेव्हा तो जो भाव सांगतो ना, तो खरा सेल. त्यात खोटेपणा नाही, नाइलाज आहे."

"पण ते टोमॅटो नरम असतात हो."

"असणारच. त्याच रात्री सार करायचं. उद्यासाठी घ्यायचेच नाहीत. लोक चुकतात कुठे, तर सेलमधला माल सणासुदीसाठी ठेवून देतात. समोरचीनं बघ, एक्स्पायरी दोन महिन्यांवर आलेल्या नूडल्सचे पुडे अर्ध्या किमतीत आणले आणि 'दिवाळीत मुलगा येईल तेव्हा' म्हणून माळ्यावर ठेवले. दुकानदाराला जागा मोकळी करायची होती, त्यानं ती हिच्या माळ्यावर केली."

मग खादीच्या रिबेटचा विषय निघाला. माईंचे यजमान वर्षभर खादीच्या दुकानाकडे फिरकायचे नाहीत. २ ऑक्टोबर उलटला की सवलत लागायची, तेव्हा वर्षाचे झब्बे एकदम. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होतीच, ऑक्टोबरात ती जरा वाढायची. हप्त्याने फ्रिज घेण्यावर मात्र माई एका वाक्यात बोलल्या, "बिनव्याजी हप्ता म्हणजे रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला न देणं." रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बँकांचे कान उपटले होते. आता नाव बदललंय, व्याज सवलतीच्या आड लपवतात आणि त्या व्याजावरचा जीएसटी आपल्या कार्डावर गुपचूप येऊन बसतो.

"तुम्ही कधी मोठ्या सेलला गेलाच नाहीत का माई?"

"कशाला जाऊ? माझी मुंबईची बहीण ग्राहक पंचायतीत आहे. १९७५ पासून चाललंय ते काम. आसपासच्या काही घरांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी भरून द्यायची, सगळ्यांचा माल एका घरी उतरतो आणि बायका तिथंच वाटून घेतात. साबणावर ना चमचा फुकट, ना स्क्रॅच कार्ड. ठोक खरेदीचा भाव सरळ आपल्याला. आपल्या ओळीतही करू म्हणून मी किती वर्षं सांगतेय, पण इथे प्रत्येकीला आपला आपला सेल पाहिजे."

"आपण दोघी करतो की तेलाचा."

ते मात्र खरं. तेलाचा डबा आम्ही भागीत आणतो, निम्मा निम्मा. त्याचीही माईंची शिकवण आहे. दुकानदार नुसतं "पंधराचा डबा" म्हणतो, पण पंधरा काय ते डब्यावर वाचायचं. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपासच तेल. शेजारच्या दुकानात १५ किलोचा डबा शंभर रुपयांनी महाग दिसला म्हणून सोडून देणारे लोक सव्वा किलोहून जास्त तेल तिथे ठेवून येतात. गेल्या खेपेला दुकानात उभ्याउभ्या माईंनी हे गणित मालकाला समजावलं, तेव्हा मागे चार गिऱ्हाइकं वही-पेन्सिल मागायच्या बेतात होती.

"डबा रिकामा झाला का गं तुझ्याकडचा?" माईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"झाला. कालच शेवटचं तेल काढलं. मी म्हटलं, वरचं तोंड कापून झाकण बसवून घ्यावं. ज्वारीला होईल."

"मलाही गव्हाला हवाच होता. निम्मा डबा माझा आहे."

"निम्मा डबा कापून देऊ का?"

"भंगारवाला ४० देतो त्याचे. म्हणजे तुझ्या वाट्याचे २०. हे घे, आणि डबा दे."

"भंगाराचा भाव कशाला लावता माई? झाकण बसवलेला डबा बाजारात १५० च्या खाली नाही. ४० तरी द्या."

"झाकण कुठे बसवलंयस अजून? ते मलाच बसवावं लागणार."

"बरं, ३५."

माईंनी कात्री मिटली. छाटलेल्या फांद्या गोळा केल्या. "राहू दे गं, मला पत्र्याची कोठी आहे घरात," असं म्हणून त्या आपल्या दाराकडे निघाल्या. एक पाऊल टाकलं. मग चप्पल नीट करायला थांबल्या. चप्पल नीटच होती. दुसरं पाऊल टाकायला त्यांनी इतका वेळ लावला, की एरवी त्या वेळात त्या चार घरांच्या बातम्या सांगून मोकळ्या होतात.

"अहो माई, थांबा तर! २५ द्या."

"वीस," माई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि डबा सोड्यानं धुऊन दे."